पहिला अंगठा

नायगावच्या चाळीत आमच्या दोन खोल्या आहेत, असं मी शाळेत मैत्रिणींना ऐटीत सांगत असे. ते अर्धंच खरं होतं. जिन्याला लागून असलेली दहा बाय बाराची खोली आमची. तिच्यापासून चौथी, नळाकडची, ती गावची. गावची म्हणजे आमच्या कारवट गावची. घाटमाथ्यावरच्या त्या पन्नास-साठ घरांच्या गावातून जो कोणी पुरुष गिरणीत चिकटायला मुंबईला येई, तो वळकटी घेऊन थेट त्या खोलीत येई. भिंतीला ओळीनं खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एकाची पिशवी, खाली एकाची ट्रंक. पहिल्या पाळीचे उठून गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच सतरंजीवर आडवे होत. ती सतरंजी कधी गार पडत नाही, असं आई म्हणायची. गावचा सगळा कारभारही तिथंच चाले. पालखीला यंदा कोण खांदा देणार, शाळेच्या छपराला पत्रे कधी घालायचे, कोणाच्या बांधावरून कोणाचं डोकं फुटलं, हे सगळं महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या खोलीत बोललं जायचं आणि मग पत्रानं डोंगरावर कळवलं जायचं. गाव डोंगरात आणि गावाचं डोकं नायगावात, असा तो मामला होता. त्या मंडळाचे चिटणीस आमचे अण्णा.

अण्णा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. शिक्षण सातवी, पण अक्षर असं की छापलेलं वाटावं. मजल्यावरच्या कोणाचा रेशनकार्डाचा अर्ज असो की गावाकडच्या म्हातारीला पत्र, लोक अण्णांकडे येत, आणि अण्णा साच्यावरून आठ तास उभे राहून आलेले असले तरी हात धुऊन, चष्मा पुसून लिहायला बसत. बदल्यात कोणाचा कपभर चहाही घेत नसत. माझ्या वडिलांइतका सरळ माणूस मी नंतरच्या आयुष्यात पाहिला नाही, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहायचं आहे ते वाचून कोणी त्यांना लबाड म्हणेल. म्हणोत बापडे. मीही म्हटलेलं आहे, आणि त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे.

कारवटला एक रीत होती. गावाचा म्हणून कोणताही कागद असो, त्यावर पहिला अंगठा वरच्या आळीतल्या घराचा. ते घर त्या डोंगरात सगळ्यांच्या आधी आलं, म्हणून पालखीचा पहिला मान त्याचा, होळीची पहिली मोळी त्याची आणि अंगठाही पहिला त्याचाच. तो एकदा उमटला की मागचे अंगठे कागदात काय आहे ते न विचारता उमटत. तो नसला तर कलेक्टर स्वतः डोंगर चढून आला तरी कोणी हात पुढं करत नसे. त्या घराचे कर्ते म्हणजे आमचे तात्या, अण्णांचे थोरले चुलत भाऊ. आणि मी सांगते आहे त्या वर्षी नेमका सरकारला त्यांचा अंगठा हवा होता. तो सगळा डोंगर राष्ट्रीय उद्यान व्हायचा होता. आतली गावं उठवून खाली सपाटीला, डांबरी रस्त्याच्या कडेला वसवायची होती. मुंबईकरांतल्या बहुतेकांना ते हवं होतं, वर राहणाऱ्यांतल्या बहुतेकांना नको होतं. तात्यांनी आलेल्या साहेबाला गूळ दिला, पाणी दिलं, घोंगडं अंथरून बसवलं, अंगठा तेवढा दिला नाही. हे सगळं मी मोठ्यांच्या बोलण्यात कानावरून जाताना ऐकलेलं. मी नववीत होते. मला त्यात काही रस नव्हता.

तात्या मुंबईला आले ते डोळ्यासाठी. परळची इस्पितळं आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे गावातलं दुखणंबाणं वर्षभर आमच्या मजल्यावर उतरलेलंच असे. तात्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. येताना वरीच्या तांदळाचं गाठोडं, रानातल्या मधाची बाटली आणि वडाच्या पानांत बांधलेले सुकवलेले आंबाडे घेऊन आले. ऑपरेशन झालं, आठवडाभर इस्पितळात काढला आणि पुढचे पंधरा दिवस त्यांना आमच्याच खोलीत ठेवलं, कारण गावच्या खोलीत दिवसभर स्टोव्हचा धूर. त्या काळी एकाच डोळ्याचं काम झालं तरी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधत. एक हलला की दुसराही हलतो म्हणून. खोकायचं नाही, वाकायचं नाही, चावायचं नाही. आई त्यांना दोन्ही वेळा मऊ पेज भरवायची. तिसऱ्या दिवशी ते चिडले.

"वैनी, आपरेशन डोळ्याचं केलंया का दाताचं?"

आईला भाऊजींशी हसायची सवय नव्हती. ती पदराआड हसली आणि दुसऱ्या दिवशी पेजेत सुकट कुस्करून घातली.

डोंगरातला माणूस पट्टी बांधून दहा बाय बारात बसवला की काय होतं, ते मी त्या पंधरा दिवसांत पाहिलं. पहिले दोन दिवस ते नुसते भिंतीला पाठ लावून बसले. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी सगळा मजला कानानं ओळखायला घेतला. "ह्यो सातव्या खोलीतला. डाव्या पायानं अधू हाय, पर सांगत न्हाई कुनाला." खरंच तो माणूस डाव्या पायानं जरा ओढत चालायचा आणि आम्ही जन्मभर शेजारी राहून ते पाहिलं नव्हतं. नळावर कोणाचा हंडा आधी भरला, कोणाची सून रडून आली आहे, भोंगा कोणत्या गिरणीचा, सगळं त्यांना कळू लागलं. मला त्यांचं फार अप्रूप वाटायचं. शाळा सकाळची, आई दुपारी शिवणाचं काम आणायला जाई, मग आम्ही दोघंच. मीच एकदा विचारलं, "तात्या, तुम्हाला आत्ता तिथं काय दिसतं?"

त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी लिहायला. आधी रफ वहीच्या मागच्या पानांवर लिहीत होते. अण्णांनी ते पाहिलं, दोन पानं उभ्या उभ्या वाचली आणि संध्याकाळी माझ्यासाठी दोनशे पानी कोरी वही आणली, पुठ्ठ्याच्या कव्हराची. "शकू, नीट लिही. कोणतं जनावर, कुठल्या पाणवठ्यावर, कोणत्या महिन्यात, सगळं विचार. मंडळाची स्मरणिका काढायची आहे, त्यात तुझं नाव छापू." अण्णांनी माझं काही वाचावं आणि त्याला बरं म्हणावं, हे तोवर कधी घडलं नव्हतं. धाकटा भाऊ मामाकडे शिकायला होता, त्याचीच पत्रं ते दोनदा वाचायचे. मी त्या वहीला वर्तमानपत्राचं नाही, खाकी कागदाचं कव्हर घातलं.

काय काय सांगितलं त्यांनी! कातळाच्या सड्यापासून सुरुवात केली. काळाशार दगड, मैलभर उघडा, चैत्रात तव्यासारखा तापणारा, आणि पाऊस सरता सरता त्यावर बोटभर उंचीची जांभळी-पिवळी फुलं अशी दाटून येणारी की पाय टाकायला जागा नाही. सड्याच्या कडेनं उतरलं की हिरडा, अंजनी, जांभूळ, ऊन खाली येऊच न देणारं रान. तिथं शेकरू. पांढऱ्या पोटाचं, तांबूस पाठीचं, हातभर शेपटीचं, आणि घरटं बांधणार ते अगदी बारीक फांदीच्या टोकाला. "का सांग? त्येच्या पिल्लामागं येनारं जनावर जड असतंय. बारीक फांदी त्येला पेलत न्हाई." कारवी सात वर्षांनी फुलते आणि त्या वर्षीचा मध वेगळा लागतो. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, पण कुत्रं भुंकून थांबतं, भेकर थांबत नाही. सांबर एकदाच ओरडतं आणि ते ओरडलं की समजायचं, बिबळ्या बाहेर पडला. कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, ओरडत नाहीत, शीळ घालतात. अस्वल उंबरासाठी खुळं असतं. धनेश उडतो तेव्हा पंखांचा आवाज आधी येतो, पक्षी मागून. आणि गवा. गव्याबद्दल बोलताना तात्यांचा आवाज उतरायचा. चार पायांत पांढरे मोजे घातलेलं, दोन म्हशींएवढं जनावर, उन्हाळ्यात त्यांच्या परसातल्या झऱ्यावर येऊन पाणी पीत उभं असायचं. तात्या आपल्या ओट्यावर, गवा झऱ्यावर. "त्येनं माज्याकडं बगायचं, म्या त्येच्याकडं. मंग म्या तमाकू मळायची आन् त्येनं वाटंला लागायचं. असं बारा वर्सं चाललंया. त्यो मोटा झाला, म्या म्हातारा." हे सांगताना त्यांनी पट्टीच्या डोळ्यांनी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं होतं.

मागे एकदा ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर मी त्या उद्यानात जाऊन आले. तिकीट काढून, जीपमध्ये बसून. वाटाड्या मुलगा चुणचुणीत होता. एका मोकळ्या जागेत त्यानं जीप थांबवली आणि सांगितलं, इथं आंबा-फणसाची जुनी झाडं आहेत, त्यासाठी अस्वलं येतात, निसर्गाची किमया बघा. मी त्या फणसाकडं बघत बसले. रानात कुठं फणस असे दोन ओळींत, सारख्या अंतरावर उगवतात का? पण मुलगा खोटं बोलत नव्हता, अस्वलं खरंच येतात. गवे आता कळपानं आहेत. आमच्या शेतांत त्यांची वासरं चरतात. ते पाहून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला. बाकीच्या बायका फोटो काढत होत्या, मलाही काढायला लावला.

तर अंगठा. एका दुपारी अण्णा पहिल्या पाळीवरून आले ते शाईचं पॅड घेऊन. आई बाहेर होती. मी वहीचं शेवटचं पान लिहीत होते, गव्याचंच.

"तात्या, वही पुरी होत आली," अण्णा म्हणाले. "तुम्ही सांगितलेलं आहे, तर खाली तुमचा अंगठा पाहिजे. स्मरणिकेत तसाच छापू."

तात्या खूश झाले. "माजा अंगठा छापत्यात व्हय? पोरी, काय लिवलंस त्ये वाच आदी."

मी वाचलं. झरा, पांढरे मोजे, तंबाखू. एक शब्द न गाळता वाचलं, जरा नाटकी आवाजात, कारण अण्णा ऐकत होते. तात्या मान डोलवत होते. "बराबर. असंच हाय." त्यांनी उजवा अंगठा पुढं केला. त्यावर विळ्याचा जुना वार आडवा गेलेला होता. अण्णांनी तो पॅडवर दाबला, वहीवर एक कागद ठेवला आणि अंगठा त्यावर टेकवला. मला वाटलं, छापखान्यात द्यायचा तो कागद असेल. शाई वाळावी म्हणून अण्णांनी तो खिडकीशी धरला आणि मी, शाळेत निबंधाला नेहमी पहिली येणारी मी, सवयीनं तो वाचला. आम्ही खाली सही करणारे कारवटचे रहिवासी स्वखुशीने, असं सुरू होत होतं. अक्षर अण्णांचं होतं.

"अण्णा, हे काय?"

"चहा टाक," अण्णा म्हणाले.

मी चहा टाकला. हे वाक्य लिहायला मला पन्नासहून जास्त वर्षं लागली. तात्या तिथंच बसले होते, हात पुढं धरून, अंगठ्याची शाई कोणी पुसेल म्हणून वाट बघत. मीच ओल्या फडक्यानं पुसली. तेव्हा सांगता आलं असतं.

अण्णांनी मला गॅलरीत बोलावलं. खाली मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. ते कठड्याला धरून, माझ्याकडं न बघता बोलले. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, पाठच्या बाळंतपणाच्या वेळी अडली होती. चार माणसांनी तिला डोलीत घालून डोंगर उतरायला घेतला. अण्णा सहा वर्षांचे, डोलीमागून चालत होते. अर्ध्या वाटेवर तिचा आवाज थांबला. माणसं तरी चालत राहिली, कारण डोली कुठं खाली ठेवायची ते कोणाला कळेना. "रस्ता असता तर ती असती," अण्णा म्हणाले. "वर अजून पंचवीस बायका आहेत बाळंत होणाऱ्या. तात्याला गवा दिसतो. मला त्या दिसतात."

"मग त्यांना तसं सांगा ना."

"दहा वर्षं सांगतोय, खाली चला म्हणून."

"आणि माझी वही?"

"ती कागदाला जोडायची आहे. जनावरं इतकी आहेत हे गावच्याच माणसानं सांगितलेलं असलं की आपलं गाव यादीत वर जातं. जागा चांगली मिळते, रस्त्याला लागून." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्यामुळं काम सोपं झालं, शकू."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, हे मला त्या दिवशी कळलं. स्मरणिका नव्हतीच. कधी निघणारच नव्हती. ज्या पंधरा दिवसांत मला वाटत होतं की अण्णांना मी आवडू लागले आहे, त्या पंधरा दिवसांत ते माझ्याकडून तात्यांच्याविरुद्ध पुरावा लिहून घेत होते. डोलीची गोष्ट खरी होती, म्हणून तर मला धड ओरडताही येईना. मी फक्त म्हटलं, "तुम्ही लबाड आहात." त्यांनी मला मारलं नाही. ते आत गेले आणि तात्यांच्या औषधाचे थेंब घालायची वेळ झाली होती, ते घातले.

तात्या आणखी तीन दिवस आमच्याकडं होते. ते मला रोज म्हणायचे, "बस, लिवायचं न्हाई का आज?" आणि मी म्हणायची, वही संपली. शाळा होती, परीक्षा होती, डोकं दुखत होतं. सांगावं असं दर तासाला वाटायचं आणि दर तासाला अण्णांचं ते डोलीमागून चालणारं सहा वर्षांचं पोर डोळ्यापुढं यायचं. पट्टी सोडली त्या दिवशी त्यांनी आधी खिडकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "तुजा आवाज केवडा मोटा, मला वाटलं बाई झाली असंल. तू तर अजून एवडीशीच हायस." मग काळा चष्मा लावून, आईनं दिलेले चिवड्याचे डबे सांभाळत गावी गेले.

चैत्रात जत्रेला आम्ही वर गेलो. गाव चमत्कारिक शांत होतं. कागद आमच्याआधी पोचला होता. साहेबानं तो चावडीत उघडला, पहिला अंगठा दाखवला आणि रीतीप्रमाणं मागचे बेचाळीस अंगठे दोन दिवसांत उमटले. तात्या तेव्हा मध काढायला रानात होते. परत आल्यावर त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, म्या न्हाई दिला. गावानं त्यांच्या तोंडावर काही म्हटलं नाही, पण पाणवठ्यावर बायका बोलायला लागल्या होत्या की तात्यानं मुंबईत आतून हातमिळवणी केली आणि आता गावाला शहाणपण शिकवतोय.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढं गाव बसलं. साहेब खुर्चीवर होता. त्याच्या मांडीवर खाकी कव्हराची माझी वही होती. "ही मुलगी का?" तो अण्णांना म्हणाला. "अक्षर फार सुंदर आहे हो हिचं." तात्यांनी कागद मागितला. नव्या डोळ्यानं त्यांनी तो खूप वेळ पाहिला. वाचता येत नव्हतं, पण विळ्याचा वार ओळखायला अक्षरं लागत नाहीत. त्यांनी अण्णांकडं पाहिलंच नाही. सगळ्या गावासमोर त्यांनी मला हाक मारली.

"पोरी, हिकडं ये. ह्यो अंगठा माजाच हाय. म्या ह्यो कशावर दिला, त्ये सांग. तू वाचून दावलं हुतंस."

साहेबानं वहीवरून मान वर केली. मुंबईहून आलेली सगळी माणसं बघत होती. खरं सांगितलं असतं तर तो कागद तिथंच फाटला असता, बेचाळीस अंगठे मागं घेतले गेले असते. आणि अण्णा, ज्यांच्या शब्दावर ती नायगावची खोली चालत होती, ते त्या देवळापुढून पुन्हा मान वर करून उठले नसते. अण्णा माझ्याकडं बघत होते. मी आयुष्यात माझ्या वडिलांना घाबरलेलं फक्त तेव्हा पाहिलं. त्यांनी मला फसवलं होतं, माझी वही चोरली होती, आणि तरी ते असे घाबरलेले मला बघवेनात.

"यावरच दिला, तात्या," मी म्हणाले. "मी सगळं वाचून दाखवलं होतं."

मी काय वाचलं होतं ते तात्यांना शब्दन् शब्द पाठ होतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मग त्यांनी कागदाची नीट घडी घातली, साहेबाच्या हातात दिली आणि गावाकडं वळून म्हणाले, "पोरगी खोटं कशापायी बोलंल? म्हातारपन हाय. इसारलो आसंन." आणि पागोटं सारखं करून खाली बसले.

परतताना एसटीत अण्णांनी मला खिडकीची जागा दिली. कोरेगावच्या थांब्यावर उतरून ते माझ्यासाठी उसाचा रस घेऊन आले. मी तो प्यायले नाही, खिडकीतून ओतून दिला. पुढं ते वीस वर्षं जगले. माझ्या लग्नानंतरही आम्ही एका घरात राहिलो, त्यांचं आजारपण मी काढलं, पण त्या दोन गोष्टींबद्दल, त्यांच्या आणि माझ्या, आम्ही एकदाही बोललो नाही. गाव दीड वर्षात खाली आलं. रस्ता होता, दवाखाना होता. पहिल्याच वर्षी तिथं तीन बाळंतपणं झाली, तिन्ही नीट. अण्णा चूक नव्हते. हे मी स्वतःला अनेकदा सांगते आणि दर वेळी ते खरंच असतं, तरी पुन्हा सांगावं लागतं. आमची चाळ पाडून आता तिथं बावीस मजले उभे आहेत. संमतीचा कागद घेऊन आलेल्या मुलाला मी दीड तास बसवून ठेवलं होतं. "आजी, सगळ्यांनी केली सही," तो म्हणाला. मी म्हटलं, "सगळ्यांनी केली म्हणूनच वाचतेय." घरात सगळ्यांना तो म्हातारीचा तिरसटपणा वाटला.

तात्या नव्या वसाहतीत सगळ्यांत शेवटी आले आणि पुढं बरीच वर्षं जगले. तिथं कोणताही कागद पुढं आला की ते एकच म्हणत: "नायगावला कळवा. शकू वाचंल, मंग अंगठा." घराचा उतारा, विजेचं मीटर, सोसायटीचा ठराव. लोक हसायचे, की त्या पोरीवर म्हाताऱ्याचा केवढा जीव. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. रजा टाकून जायची, ओट्यावर बसून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचायची. ते ऐकायचे, मान डोलवायचे, अंगठा द्यायचे. माझ्या लेकरांसाठी शेंगांची पिशवी भरून द्यायचे. एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांनी मला माफ केलं आहे, असं मी हळूहळू मानायला लागले. माणसाला जगायला तेवढं लागतं.

मग दुसऱ्या डोळ्याचं निघालं. पुन्हा परळ, पुन्हा आमच्याकडं मुक्काम. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात नर्सनं संमतीचा फॉर्म आणून दिला. मी खाटेवर त्यांच्याशेजारी बसून तो वाचला. काय करणार, काय बिघडू शकतं, कोणाची जबाबदारी, सगळं. सावकाश, साध्या मराठीत समजावून.

"समदं वाचलंस?"

"सगळं, तात्या."

"बरं," ते म्हणाले. नर्सनं पॅड पुढं केलं. त्यांनी अंगठा उचलला आणि तसाच हवेत धरून दुसऱ्या हातानं माझ्या हातातला फॉर्म काढून घेतला. तो चांगल्या डोळ्याजवळ नेला. उलटा करून पाठ पाहिली, ती कोरी होती. मग कोपरा दोन बोटांत धरून कागद एकच आहे ना, खाली दुसरा चिकटलेला नाही ना, हे त्यांनी चोळून पाहिलं. घाईनं नाही, रागानं नाही, बाजारात कापड बघतात तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेल्या सगळ्या वर्षांत माझं वाचून झाल्यावर त्यांनी हेच केलं असणार, मी खाली मान घालून बसत होते म्हणून मला ते दिसलं नव्हतं. खात्री झाल्यावर त्यांनी फॉर्म माझ्या मांडीवर सरळ ठेवला, अंगठा दिला, आणि शाई पुसायला हात माझ्यापुढं धरला.